रोज जेवणाऱ्याचं मत

भिवंडीबद्दल बोलताना लोक माग आणि गोदामं यांच्यापलीकडे जात नाहीत. मुंबईच्या इराण्यांवर, माटुंग्याच्या उडप्यांवर, पुण्याच्या मिसळीवर भरभरून लिहिलं गेलं आहे. भिवंडीतली माणसं काय खातात, कुठे खातात आणि खाल्ल्यावर काय म्हणतात, हे मात्र कोणाला विचारावंसं वाटलं नाही. आमच्या गावात जेवणाऱ्याच्या मताला फार वजन होतं. इथलं गिऱ्हाईक हौस म्हणून बाहेर जेवत नव्हतं. तो दिवसातून दोनदा, वर्षाचे बारा महिने एकाच ठिकाणी जेवणारा कामगार होता. त्याची जागा निवडण्यात चूक झाली तर त्याचं पोट बिघडायचं आणि त्या दिवसाची मजुरी बुडायची. म्हणून तो पारखून घ्यायचा.

मी हे ठामपणे सांगते, कारण माझी आई भिवंडीतल्या नारपोलीत बिशी, म्हणजे कामगारांची खानावळ, चालवायची आणि शाळेत असल्यापासून तिची हिशेबाची वही माझ्याकडे होती. पुढे मी शिक्षिका झाले, निवृत्तही झाले. पण आमच्या गावाचा इतिहास मला शाळेच्या पुस्तकापेक्षा त्या वहीत जास्त भेटला.

भात आणि सुकी मासळी

यंत्रमाग येण्याआधीची भिवंडी लहान होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथली वस्ती दहा हजारांच्या आसपास होती. 2011 च्या जनगणनेत ती 7,09,665 झाली. जुन्या गावाचा व्यापार भात, गवत, लाकूड आणि सुकी मासळी यांचा. कामवारी नदी आणि खाडी जवळ, त्यामुळे माल होड्यांनी ये-जा करायचा. मुंबईहून निघालेली रेल्वे ठाण्यावरून कल्याणला गेली आणि भिवंडी बाजूला राहिली. उरला तो आग्रा रोड.

त्या गावाचं जेवण म्हणजे तांदूळ. आजूबाजूच्या गावांतले आगरी, गावातले कोकणी मुसलमान, दोघांच्या घरी तांदळाची भाकरी, खाडीची कोलंबी, पावसाळ्यात सुका बोंबील आणि सुकट. कोकणी मुसलमानांच्या घरी नारळाच्या दुधातली मासळी आणि सांदण, आगऱ्यांच्या घरी तिखट मसाल्याचं कालवण आणि वालाचं बिरडं. वाटण वेगळं, पण तांदूळ आणि खाडी एकच. या जेवणाची पारख घरच्या घरी व्हायची. विकतचं जेवण लागायचं ते बाजाराला आलेल्या परगावच्या माणसाला, आणि तोही शक्यतो ओळखीच्यांकडे किंवा जातवाल्यांकडे उतरायचा.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. जेवणाऱ्याला मत असण्याआधी त्याला आत येता आलं पाहिजे. कितीतरी ठिकाणी दलितांना चहा बाहेर उभं राहून, वेगळ्या कपातून दिला जायचा. देशाच्या राज्यघटनेने अनुच्छेद 15 मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा नाव घेऊन उल्लेख केला आणि तिथे धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणाला अडवता येणार नाही असं सांगितलं. 1955 च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने असं अडवणं गुन्हा ठरवला. हॉटेलच्या बाकावर बसण्याचा हक्क घटनेत लिहावा लागला, इतकी ती जागा महत्त्वाची होती. चव कशी आहे हा प्रश्न त्यानंतरचा.

बिशी का आली

1857 च्या उठावानंतरच्या काळात उत्तर प्रदेशातल्या आझमगढ, मऊ, अलाहाबाद, बनारस या भागांतले मोमीन विणकर दक्षिणेकडे सरकले. काही बऱ्हाणपूर-मालेगावला थांबले, काही आग्रा रोडने पुढे भिवंडीपर्यंत आले. सुरुवातीला हातमाग होते. 1930 च्या दशकात यंत्रमाग बसू लागले आणि स्वातंत्र्यानंतर त्यांची संख्या वाढतच गेली. मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले जुने माग इथल्या शेडमध्ये येऊन पुन्हा चालू लागले. 18 जानेवारी 1982 ला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरण्या थंडावल्या आणि कापडाचं काम आणखी जोराने भिवंडीकडे वळलं. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, त्यांचं पद्मानगर उभं राहिलं. पूर्व उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा इथून एकटे पुरुष आले. बायका-मुलं गावी आणि हा इथे, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारा.

या माणसाने जेवायचं कुठे? इथे कायद्याचा एक तपशील कामाला येतो. 1948 च्या कारखाना कायद्याचं कलम 46 सांगायचं की अडीचशेपेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कँटीन असलं पाहिजे. मुंबईच्या गिरणीत हजारो कामगार, तिथे कँटीन आलं. भिवंडीत मात्र धंदाच तुकड्यातुकड्यांत वाटलेला. एका छपराखाली काही माग एका भावाच्या नावावर, काही दुसऱ्याच्या. कागदावर प्रत्येक जागी मोजकेच कामगार. त्यामुळे कारखाना कायद्यातले कित्येक नियम शेडच्या दारातच थांबले आणि कँटीनचा नियम त्यातलाच. गावात कामगारांची एवढी गर्दी असून त्यांना जेवू घालण्याची कायदेशीर जबाबदारी कोणावरच नव्हती.

ती जागा बिशीने घेतली. बिशी म्हणजे खात्यावर दोन वेळचं जेवण देणारी खानावळ. गिरणगावात हेच काम घराघरांतल्या खानावळवाल्या बायका करत होत्या. त्यांचे जेवणारे बहुतेक आपल्याच साताऱ्याचे, कोकणातले. प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं आणि त्यांचं काम जगाला दिसलं. भिवंडीच्या बिशीकडे तसं कोणाचं लक्ष गेलं नाही. माझ्या आईचं भांडवल म्हणजे वाण्याची उधारी.

वही काय सांगते

आमची बिशी म्हणजे चाळीच्या टोकाच्या दोन खोल्या. एकीत चुली आणि भाताचा मोठा टोप, दुसरीत भिंतीला लागून पट्ट्या अंथरलेल्या. माग बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालायचे. त्यामुळे सकाळी रात्रपाळीवाले सुटून यायचे आणि ते उठत नाहीत तोवर दिवसपाळीचा डबा भरायचा. आई पहाटे उठून भात लावायची. जाडा तांदूळ, कारण तो पोटात टिकतो असं जेवणारेच सांगायचे. डाळ, एक भाजी, रोट्या, कांदा, लोणचं. आठवड्यातून एकदा अंडी किंवा मटण. जेवण झाल्यावर गुळाचा खडा. दिवसभर नाकातोंडात गेलेली रुई गुळाने सुटते असा कामगारांचा विश्वास होता आणि गूळ संपला तर आईला ऐकून घ्यावं लागायचं.

वहीत प्रत्येकाचं एक पान. तारखा, सकाळ आणि रात्र अशा दोन रेघा, गावी गेला तर खाडा, पाहुणा आणला तर वेगळं ताट. पंधरवड्याला पगार झाला की खातं चुकतं व्हायचं. मधल्या काळात मालकाकडून खर्ची मिळायची, त्यातले काही पैसे आधी बिशीत यायचे. कोणी आजारी पडला, माग बंद राहिले, तर पान तसंच लांबत जायचं. आईने कोणाचं जेवण पैशासाठी बंद केलेलं मी पाहिलं नाही, पण त्या बेरजा करताना ती किती वेळ गप्प बसायची तेही मी पाहिलं.

या वहीत जेवणाऱ्यांचं मत कुठे लिहिलेलं नाही. तरी ते तिच्यात आहे. एखादं पान पगाराच्या दिवशी अचानक संपतं आणि पुढच्या पंधरवड्यात तो माणूस दिसत नाही. म्हणजे तो दुसऱ्या बिशीत गेला. पाठोपाठ त्याच्या गाववाल्यांची दोन-तीन पानं संपतात. मी वहीचे जुने महिने चाळते तेव्हा कळतं की अशी पानं बंद झाली ती बहुतेक तूरडाळ महागली तेव्हा. आईने मसूर मिसळली असेल, पाणी वाढवलं असेल. जेवणारे तोंडाने फार बोलत नव्हते. एक म्हातारा होता, मऊकडचा, सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. तो वाटी तिरकी करून डाळ कशी वाहते ते बघायचा आणि म्हणायचा, "मौसी, आज दाल को जल्दी है." आई तेवढ्यावर समजायची. दुसऱ्या दिवशी डाळ घट्ट असायची.

या लोकांची पारख चार गोष्टींवर चालायची. पोट भरलं पाहिजे, म्हणजे भाताला दुसऱ्यांदा नाही म्हणायचं नाही. आज जसं तसं उद्या असलं पाहिजे. पगार लांबला तर धीर धरला पाहिजे. आणि चौथी गोष्ट, जी मला सगळ्यांत मोठी वाटते, ताट समोर आदराने ठेवलं पाहिजे. एका बिशीत वाढणारा ताटं आपटायचा म्हणून सात-आठ ओडिया मुलं एकदम आमच्याकडे आली होती. त्यांना आमचं जेवण त्यांच्या चवीचं वाटत नव्हतं. मोहरीचं तेल नाही, भात वेगळा. तरी ती टिकली. आई त्यांना "बाळा" म्हणायची, तेवढं मराठी त्यांना कळायचं.

नाक्यानाक्यावरची चव

सगळ्या बिशा सारख्या नव्हत्या. पद्मानगरात तेलुगू बिशी, तिथे भातावर पप्पू, चिंचेचा आंबटपणा आणि आंध्राचं तिखट. तिथले जेवणारे रोटीला हात लावायचे नाहीत. सकाळी रस्त्यावर इडली, डोसा आणि मिरची भजी. संक्रांतीला पद्मशाली घरांतून तांदळाच्या पिठाचे आणि तिळाचे सकिनालु यायचे, चकलीसारखे गोल, पण हाताने वळलेले. आमच्या चाळीत त्यांची देवाणघेवाण व्हायची आणि कोणाचं कुरकुरीत झालं यावर बायकांची चर्चा रंगायची.

मोमीन वस्त्यांमध्ये सकाळची निहारी. रात्रभर मंद आचेवर राहिलेला रस्सा, नळी, वर आलं आणि लिंबू, सोबत कुलचा किंवा तंदूरची रोटी. रात्रपाळी सुटलेल्या माणसाला दुसरं काही नको असायचं. संध्याकाळी सीख कबाब, पाया, मोहरममध्ये खिचडा. रमजानमध्ये तर रस्तेच्या रस्ते रात्रभर जागे असायचे, मालपुवा, फिरनी, शेवया. निहारीचा जाणकार रस्सा बोटांना चिकटतो का ते बघतो. जास्त पीठ घालून दाट केलेली निहारी त्याला पहिल्या घासाला कळते, आणि तसं झालं तर तो वाद घालत नाही, पैसे ठेवतो आणि पुन्हा येत नाही. 4 मार्च 2015 पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवर बंदी आली आणि हा सगळा धंदा म्हशीच्या मांसावर आला. गरिबाचं स्वस्त मांस महागलं. जुने खाणारे म्हणू लागले की चव बदलली. हेही गावाच्या इतिहासातलं मत आहे आणि ते नोंदलं गेलं पाहिजे.

त्यात शेट्टींची उडपी हॉटेलं आली. मागवाले शेठ, कापडाचे दलाल, बँकेतले बाबू, शिक्षक तिथे बसायचे. सुताचा भाव आणि कापडाचा सौदा इडली-वड्यावर ठरायचा. मारवाडी-गुजराती व्यापाऱ्यांना शुद्ध शाकाहारी पाटी हवी असायची, त्यांची सोय झाली. आणि सगळ्यांच्या वर चहाची हॉटेलं. चहावाल्या पोऱ्याने किटली घेऊन शेडमध्ये शिरायचं. मागांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून विणणारा बोटं दाखवायचा, दोन कटिंग, तीन कटिंग. चहा पातळ असेल तर तळहात उलटा करून हलवायचा. तेवढ्यात तक्रार पोचायची.

शुक्रवार हा मागांच्या सुट्टीचा दिवस. त्या दिवशी कामगार आपल्या बिशीबाहेर पडायचे. मऊचा माणूस पद्मानगरात डोसा खायचा, तेलुगू पोरं निहारी चाखायला जायची, धामणकर नाक्याला चायनीजच्या गाड्या आल्यावर सगळेच तिथे. लाल रंगाचा तो भात आणि चायनीज भेळ कोणाच्याच गावची नव्हती, म्हणून त्यावर कोणाचा हक्कही नव्हता आणि बोलण्याचा अधिकार सगळ्यांना होता. शनिवारी आमच्याकडे जेवताना कालच्या खाण्याची चर्चा व्हायची. कुठे तेल जुनं, कुठे नूडल्स कमी, कुठे चटणी फुकट दुसऱ्यांदा देतात. आई ऐकायची. तिने त्यातून शिकून कांद्याची झणझणीत चटणी सुरू केली आणि ती कायम राहिली.

शटर पडलं की

भिवंडीचा इतिहास लिहिताना 1970 आणि 1984 च्या मे महिन्यांना बगल देता येत नाही. दोन्ही वेळा दंगली झाल्या, माणसं मारली गेली, माग आणि घरं जळाली. 1970 च्या दंगलीची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. दंगलीत सगळ्यांत आधी हॉटेलचं शटर पडतं. बाहेर जेवणाऱ्या माणसाला घरी चूल नसते, त्यामुळे संचारबंदी म्हणजे त्याच्यासाठी थेट उपास. 1984 मध्ये आमच्या बिशीत चण्याफुटाण्यांवर आणि उकडलेल्या भातावर दिवस काढलेली माणसं मी पाहिली, आणि त्यात दोन्ही धर्मांचे होते.

1988 नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. वस्तीवस्तीतल्या हिंदू-मुसलमानांना एकत्र बसवून रोजच्या तक्रारी ऐकायची ती पद्धत होती. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्याचं श्रेय त्या कमिट्यांचं आहे. मी एवढंच जोडते की रोज एका रांगेत बसून एकाच टोपातला भात खाणाऱ्यांना एकमेकांचे चेहरे ओळखीचे होते.

आग्रा रोडवरचे ढाबे

गावाबाहेर दुसरी गोष्ट घडत होती. मुंबईत माल न्यायचा तर जकात लागायची. म्हणून व्यापाऱ्यांनी माल भिवंडी तालुक्यातल्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत ठेवायला सुरुवात केली. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, माणकोली इथल्या भातखाचरांवर गोदामं उभी राहिली. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली, पण तोवर रस्ते, ट्रक आणि हमाल इथे रुजले होते. ऑनलाइन खरेदीच्या कंपन्यांनी आणखी मोठी गोदामं घेतली.

ट्रक आले तसे ढाबे आले. ट्रकवाल्याचा हिशेब बिशीच्या कामगारासारखा नाही. तो आठवड्यातून एकदा येतो, पण त्याच्यामागे शंभर ट्रकवाले आहेत आणि कसाऱ्याच्या घाटापासून इंदूरपर्यंत तो सांगत जातो की अमुक ठिकाणी खाट, पाणी आणि ताजी रोटी मिळते. एका ढाब्याची डाळ बिघडली की ती बातमी पुढच्या टोलनाक्यावर आधी पोचते.

मला या सगळ्यात आनंद आगरी ढाब्यांचा आहे. जमिनी गोदामांना गेल्या, भातशेती संपली, आणि त्याच घरांतल्या लोकांनी आपलं घरचं जेवण विकायला काढलं. चिंबोरीचं कालवण, जिताडा, तळलेले बोंबील, सुकटीची चटणी, तांदळाची भाकरी. जे जेवण शंभर वर्षांपूर्वी फक्त घरात होतं, ते खाण्यासाठी आज ठाण्याहून, कल्याणहून गाड्या येतात. इथली पारखही तिखट आहे. आगरी माणूस आगरी ढाब्यावर गेला की आधी भाकरी बघतो. ती चुलीवरची आहे का, पातळ आहे का, फुगली आहे का. मासळी खाडीची की बाजारातली बर्फाची, हे तो विचारतो आणि उत्तर खोटं असेल तर तिथेच बोलतो. जिताडा आता महाग आणि दुर्मीळ, खाडी घाण झाली, हेही तो तिथेच सांगतो. ढाब्यावरच्या त्या बोलण्यात खाडीच्या ऱ्हासाची साक्ष आहे.

दीडशे ग्रॅम

26 जानेवारी 2020 ला राज्य सरकारने शिवभोजन थाळी सुरू केली. दहा रुपयांत दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, शंभर ग्रॅम वरण आणि दीडशे ग्रॅम भात. दोन महिन्यांतच टाळेबंदी आली आणि थाळी पाच रुपयांची झाली. योजना चांगली होती, अडचणीच्या काळात तिने लोकांना जगवलं आणि मी तिच्याबद्दल कृतज्ञ आहे.

पण माग बंद झाले त्या दिवसापासून बिशाही बंद झाल्या. वाण्याने उधारी थांबवली, खात्याचे पैसे येणार कुठून हे कोणालाच माहीत नव्हतं. आमची बिशी तोवर आईबरोबर संपली होती, पण शेजारच्या बिशीवाल्या बाई रोज सांगायच्या की साठवलेल्या तांदळावर त्या किती दिवस काढतील. रांगेत उभं राहून थाळी घेतलेल्या एका विणकराला मी विचारलं, जेवण कसं आहे. तो म्हणाला, "अच्छा है टीचर, मगर माग चलानेवाले का भात नहीं है." बारा तास उभं राहून चार-सहा माग सांभाळणाऱ्याच्या भाताचं माप दीडशे ग्रॅम नसतं. जेवणाबद्दल इतकं नेमकं मत मी दुसरं ऐकलेलं नाही.

मे 2020 च्या सुरुवातीला भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरसाठी श्रमिक विशेष गाडी सुटली. त्याआधी आणि नंतरही हजारो लोक नाशिकच्या रस्त्याने चालत गेले. ज्या रस्त्याने पूर्वीचे विणकर आले, त्याच रस्त्याने. गावाने त्यांना वेळेवर जेवू घातलं असतं तर त्यांतले बरेच थांबले असते, असं माझं मत आहे. माणूस परक्या गावात टिकतो तो मजुरीवर आणि जेवणावर, आणि त्या महिन्यांत दोन्ही गेलं.

एक विनंती

आज भिवंडीतल्या हॉटेलांबद्दल तरुण मुलं फोनवर तारे देतात, फोटो टाकतात. ते चांगलंच आहे. बिर्याणी कुठली चांगली, आगरी ढाबा कुठला खरा, हे बाहेरच्याला कळू लागलं. पण एकदा आलेल्याचं मत आणि रोज जेवणाऱ्याचं मत यांत फरक आहे. एकदा आलेला चव सांगतो. रोज जेवणारा सांगतो की पावसाळ्यात तांदूळ बदलला का, पगार लांबल्यावर वागणूक बदलली का, आजारी असताना कोणी पेज करून दिली का. या गावाला घडवलं ते या दुसऱ्या मताने, आणि ते अजून कुठेही लिहिलेलं नाही.

यंत्रमाग आता कमी होत आहेत. शेड पाडून गोदामं आणि इमारती होत आहेत. बिशाही त्यांच्याबरोबर जातील. म्हणून भिवंडीकरांना माझी विनंती आहे. तुमच्या घरात कोणी बिशी, खानावळ, चहाचं हॉटेल चालवलं असेल तर त्या जुन्या वह्या रद्दीत देऊ नका. भाव, तारखा, माणसांची गावं, खाडे, उधारी, हे सगळं त्यात आहे. गावातल्या वाचनालयात किंवा महाविद्यालयात नेऊन द्या, आणि ज्यांनी तिथे वर्षानुवर्षं जेवण केलं ते जिवंत आहेत तोवर त्यांना विचारून लिहून ठेवा. माझ्या आईच्या वह्या मी देणार आहे. तुमच्याही द्या.